वारुळात तोंड, पानावर शेपटी

ठप्प.

हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. तुमच्याएवढा होतो. भर दुपार व्हायच्या बेताला डोंगराकडून एकदाच आला. मी आईला विचारलं, "आई, फणस पडला का गं?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "फणस नव्हे रे. कुणाचं तरी काहीतरी ठरलं."

तेव्हा मला काही कळलं नाही. पुढे एका गुराख्याने मला सगळी हकिगत सांगितली. तीच तुम्हाला सांगतो. सावकाश सांगणार आहे. मला घाई जमत नाही, आणि या गोष्टीत जे बिघडलं ते घाईनेच बिघडलं.

तर एका जंगलात, जिथे झाडांपेक्षा अर्ज जास्त होते, एक खवल्या राहत होता.

खवल्या म्हणजे खवले मांजर. नावात मांजर आहे, पण मांजराशी त्याचं काही नातं नाही. अंगभर खवले. जीभ हातभर लांब. तोंडात दात एकही नाही. वारुळात तोंड घालतो आणि मुंग्या, वाळवी खातो. भ्याला की अंगाचा गोळा करून पडून राहतो. हे शेवटचं लक्षात ठेवा, बाळांनो. पुढे लागेल.

त्या जंगलात पूर्वी तोंडी बोललेलं चालायचं. "मी येतो" म्हटलं की यायचं. "हे माझं" म्हटलं की त्याचं असायचं.

मग एकदा वाघमहाराजांनी एका हरणाला विचारलं, "तू कुठे राहतोस?" हरणाने खोटा पत्ता दिला. महाराज रात्रभर हिंडले आणि उपाशी परतले. दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. यापुढे ज्याला जे सांगायचं असेल, त्याने ते पळसाच्या पानावर लिहून द्यावं. आणि शपथेवर द्यावं.

झालं. त्या दिवसापासून पळसाला पानं टिकेनात.

मोराला लिहून द्यावं लागे की पिसारा स्वतःचाच आहे, कुणाकडून आणलेला नाही. कावळ्याला लिहून द्यावं लागे की हा रंग जन्मापासूनचा. बेडूक तर बिचारा आठ महिने चिखलाखाली झोपायचा. पावसात वर आला की त्याला विचारत, "मधले आठ महिने काय करत होतास?" त्याला दर वर्षी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागे.

सही ज्याची त्याची. हरणाने खूर उमटवायचा. मोराने पिसाचा डोळा छापायचा. सायाळीने अंगावरचा एक काटा काढून पानात टोचायचा.

आणि या सगळ्यावर शिक्का कुणाचा? तर नोटरीचा. म्हणजे खवल्याचा.

त्यालाच का नेमलं? महाराज म्हणाले, "याला दात नाहीत. हा कुणाचा लचका तोडणार नाही." महाराजांचा दातांवर फार विश्वास होता. जे करायचं ते दातच करतात, असं त्यांना वाटे. शेपटीचा विचार त्यांनी केला नाही.

खवल्याचा शिक्का म्हणजे त्याची शेपटी. तांबड्या मातीच्या चिखलात ती बुडवायची आणि पानावर आपटायची. ठप्प. खवल्यांची नक्षी उमटायची. तशी नक्षी सबंध रानात दुसऱ्या कुणाची नव्हती. आपटताना खवल्या एकच शब्द म्हणायचा. "माझ्यासमोर."

म्हणजे काय? म्हणजे हा प्राणी माझ्यासमोर आला, मी त्याला ओळखलं, त्याने माझ्यासमोर शपथ घेतली आणि सहीसुद्धा माझ्यासमोर केली. एवढं सगळं त्या एका शब्दात होतं.

एका मोठ्या ऐनाच्या झाडाखाली तो बसायचा. कुणी आलं की आधी हुंगून ओळख पटवायचा. मग पान हातात घेऊन मोठ्याने वाचायचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग विचारायचा, "कळलं का?" समोरचा मान हलवायचा. खवल्या म्हणायचा, "मान नको हलवूस. मान सगळेच हलवतात. काय कळलं ते सांग." सांगता आलं नाही तर परत वाचायचा. मग त्याला पाणवठ्याकडे तोंड करून उभं करायचा. "सगळे जे पाणी पितो, त्या पाण्याची शपथ, हे खरं आहे." मग सही. मग ठप्प. मग ऐनाच्या सालीवर नखाने एक ओरखडा, नोंद म्हणून.

शिक्का मारणं हे त्याचं काम नव्हतं, बाळांनो. काम शिक्क्याच्या आधीचं होतं. ठप्प तर शेवटी.

एकदा त्याचा मावसभाऊ पान घेऊन आला. खवल्या म्हणाला, "तू माझा आहेस. तुझ्या पानावर माझी शेपटी चालायची नाही. पलीकडच्या रानात जा."

"अरे, तीन डोंगर ओलांडायचे?"

"ओलांड."

मावसभाऊ ओलांडून गेला. तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाही.

एक दिवस, दिवस मावळताना, सायाळ आली. सायाळ दिवसभर झोपते आणि अंधार पडताना बाहेर निघते, हे रानात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून खवल्या तिच्यासाठी थांबला होता. तिच्या मागे दोन पिल्लं होती. त्यांचे काटे अजून मऊ होते. चालताना तिच्या अंगावरचे काटे एकमेकांवर वाजत. खळखळ, खळखळ. वाळल्या शेंगा हलवाव्या तसं.

तिचा नवरा त्या उन्हाळ्यात वणव्यात गेला होता. पाणवठ्याकाठी, उंबराच्या मुळाशी तिचं बीळ होतं. ते बीळ तिचंच आहे असं लिहून ठेवायचं होतं. पान कोल्ह्याने लिहून दिलं होतं. कोल्हा ऐनाच्या शेजारीच बसायचा. अर्ज, विनंत्या, प्रतिज्ञापत्रं, सगळं लिहून द्यायचा. अक्षर फार सुंदर होतं त्याचं.

खवल्याने पान वाचायला घेतलं. "मी, सायाळ, शपथेवर लिहून देते, की उंबराखालच्या बिळात मी माझ्या दोन पिल्लांसह तात्पुरती राहते..."

तो थांबला. "वहिनी, तुम्ही तिथे तात्पुरत्या राहता?"

"तात्पुरती? दादा, माझ्या सासूची सासू त्याच बिळात बाळंत झाली."

खवल्याने कोल्ह्याकडे पाहिलं.

कोल्हा म्हणाला, "तसं पाहिलं तर साहेब, या जगात आपण सगळेच तात्पुरते."

"कीर्तनात सांग. पानावर खोड."

कोल्ह्याने तो शब्द खोडला. खवल्याने पान परत पहिल्यापासून वाचलं. सायाळीने पाठीवरचा एक काटा उपटून पानात टोचला. ठप्प झालं. जाताना ती म्हणाली, "खवलेदादा, मला अक्षर कळत नाही. पान उलटं धरलं काय नि सुलटं धरलं काय. तुम्ही वाचून दाखवता म्हणून मी निर्धास्त झोपते."

खवल्याने शेपटीचा चिखल पुसला. त्याला बरं वाटलं. तो थोडा लाजलाही असेल. खवल्यांमुळे दिसत नाही.

असं सगळं नीट चाललं होतं. पण नीट चालणाऱ्या कामाची एक वाईट खोड असते. ते हळू चालतं.

ऐनाखाली रांग वाढली. पार ओढ्यापर्यंत गेली. त्या वर्षी बेडूक गॅपच्या पानासाठी रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तोवर पाऊस संपला होता. तो तसाच परत चिखलाखाली झोपायला गेला. पुढच्या वर्षी त्याला दोन गॅप झाले.

कुरकुर सुरू झाली.

"मला माझं नाव ठाऊक आहे. हा परत मला कशाला वाचून दाखवतो?" मोर म्हणाला.

"याला कामच करायचं नसेल," कावळा म्हणाला. "म्हणून वाचत बसतो."

न्यायाधीश होतं अस्वल. त्याच्याकडून निरोप आला. 'आपल्याकडील प्रकरणांचा निपटारा कमी आहे. खुलासा करावा.'

खवल्याने निरोप दोनदा वाचला. त्याला रात्री मुंग्या गोड लागल्या नाहीत. मन हळवं होतं त्याचं. आपल्यामुळे बेडकाचं वर्ष गेलं, हे त्याला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोल्हा जवळ येऊन बसला. "साहेब, एक बोलू?"

"बोल."

"तुम्ही उपाशीपोटी काम करता. मला बघवत नाही. या ऐनामागे एक वारूळ आहे. कसलं भरलंय म्हणता! तुम्ही तिथे बसा. तोंड वारुळात ठेवा."

"आणि काम?"

"काम कशाने करता तुम्ही? शेपटीने. शेपटी कुठे वारुळात जाते? ती बाहेरच राहणार. मी पान सरकवतो, तुम्ही आपटा. चिखलही मीच लावतो."

"आणि वाचायचं कोण?"

"मी लिहिलेलं मीच वाचणार ना. माझं अक्षर मला तुमच्यापेक्षा जास्त लागतं."

"आणि समोर कोण आहे ते कसं दिसणार?"

"साहेब, मी बघतो ना! तुमचे दोन डोळे काय, माझे दोन डोळे काय. दोनच आहेत."

खवल्या म्हणाला, "छे. हे बरोबर नाही."

कोल्ह्याने रांगेकडे बोट केलं. रांगेत बेडूक होता. दोन गॅपचा.

खवल्याने बेडकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आजच्या दिवस. ओळखीच्यांचंच. बेडकाचं करून टाकू."

बेडकाचं झालं. बेडूक रडला आनंदाने. तुम्हीच सांगा, यात वाईट काय झालं? काहीच नाही. वाईट गोष्टीची सुरुवात अशीच होते, बाळांनो. कुणाचं तरी भलं करून.

दुसऱ्या दिवशी मोराचं झालं. मोर स्वतः आलाच नव्हता, पिसाचा छाप पाठवला होता. पण मोराला कोण ओळखत नाही? तिसऱ्या दिवशी कावळ्याच्या अख्ख्या वस्तीचं झालं. एक कावळा आला होता. बाकीचे त्याच्यासारखेच होते.

मग कोल्हा म्हणाला, "साहेब, मजकूर नंतर भरू. कोऱ्या पानांवरच मारून ठेवा. लोकांचा खोळंबा होत नाही."

खवल्याचं तोंड वारुळात होतं. आतून काहीतरी आवाज आला. तो 'नाही' होता की 'बरं' होता, हे मुंग्यांनाच ठाऊक. शेपटी मात्र खाली आली.

ठप्प. ठप्प. ठप्प.

पूर्वी तो दर वेळी "माझ्यासमोर" म्हणायचा. अजूनही म्हणत होता. सवय होती. पण वारुळातून ते "म्झास्मो" असं ऐकू यायचं. पुढे पुढे नुसतंच "म्म".

ऐनावर ओरखडे काढणं राहून गेलं. कोल्हा म्हणाला, "एकदम काढू सगळे."

रांग संपली. अस्वलाकडून शाबासकीचा निरोप आला. 'निपटारा समाधानकारक.' मोर नाचला. सगळे म्हणू लागले, "नोटरी असावा तर असा. डोकं वर काढत नाही, इतकं काम करतो."

आता या गोष्टीत तरस येतो.

तरसशेठला पाणवठ्याकाठी विश्रामगृह काढायचं होतं. पाहुण्यांनी सावलीत पडायचं, समोर पाणी बघायचं आणि पाण्यावर येणारी हरणं बघायची. फक्त बघायची, असं तो सांगायचा. जागा त्याला एकच पसंत पडली. उंबराखालची.

तो कोल्ह्याला म्हणाला, "कोल्हेभाऊ, ती सायाळ देईल का बीळ?"

"तिला कशाला विचारायचं? उगीच तिची झोपमोड."

"पण सही लागेल ना तिची?"

कोल्हा हसला. "शेठ, सायाळीची सही रस्त्यावर पडलेली असते. चालता चालता काटे गळतात तिचे. तुम्ही वाटेत बघत नाही का?"

दुपारी दोघे पाणवठ्याच्या वाटेने चालत गेले. शंभर पावलांत तीन काटे सापडले. कोल्ह्याने त्यातला सगळ्यात चकचकीत निवडला. शिक्का मारलेलं कोरं पान मात्र त्या दिवशी एकही शिल्लक नव्हतं. म्हणून त्याने नवीन पान लिहिलं, सुंदर अक्षरात. त्यात काटा टोचला आणि ते खवल्याच्या शेपटीखाली सरकवलं.

ठप्प.

खवल्याच्या शेपटीला काहीतरी टोचलं.

ते टोचणं त्याच्या ओळखीचं होतं. सायाळीचा काटा शेपटीला एकदा टोचला की विसरत नाही. त्याने तोंड अर्धवट बाहेर काढलं. डोळ्यांत माती होती. नाकावर मुंग्या होत्या.

"कोण आहे समोर?"

"आहेत, आहेत," कोल्हा म्हणाला. "समोरच आहेत."

दुपारची वेळ होती. या वेळी सायाळ झोपलेली असते. खवल्याला हे आठवलं. नक्की आठवलं, असं गुराखी म्हणाला मला. तो क्षणभर तसाच थांबला.

पण वारुळाचा तो थर नुकताच लागला होता, ज्यात अंडी असतात.

त्याने तोंड परत आत घातलं.

दोन दिवसांनी तरसाची माणसं, म्हणजे तरसंच, बिळापाशी आली आणि सायाळीला म्हणाली, "बाई, सामान काढा. तुम्ही बीळ सोडलंय."

"मी? कधी?"

"परवा. दुपारी."

सायाळ पिल्लांना घेऊन थेट न्यायालयात आली. मोठ्या खडकाखाली अस्वल बसलं होतं. सकाळची वेळ. उजेडाने सायाळीचे डोळे मिटत होते. भीतीने तिचं अंग फुललं होतं, आणि अंग फुललं की काटे गळतात. ती चालली तशी मागे काट्यांची वाट पडली. सगळं रान जमलं होतं. मोर, कावळे, बेडूक. तरसशेठ पुढेच बसला होता. आणि एका कोपऱ्यात खवल्या. त्याला साक्षीला बोलावलं होतं.

अस्वल म्हणालं, "पान वाचा."

कोल्ह्याने वाचलं. "मी, सायाळ, राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाला बळी न पडता, उंबराखालचं बीळ तरसशेठ यांना कायमचं देत आहे. सही, काटा. माझ्यासमोर, शेपटी."

"साहेब, मी हे दिलं नाही," सायाळ म्हणाली. "मी तिथे नव्हतेच."

"पानावर लिहिलंय, तू होतीस."

"दुपारी मी झोपते, साहेब. सगळ्या रानाला ठाऊक आहे."

"झोपतेस याचं प्रतिज्ञापत्र आहे?"

"झोपेचं कुणी प्रतिज्ञापत्र करतं का?"

"मी करतो," बेडूक मागून म्हणाला. त्याला वाटलं, आपली मदत होईल.

अस्वल म्हणालं, "बघ. नियमाने झोपणारे प्राणी आहेत रानात." मग त्याने पान उचलून बघितलं. "हा काटा तुझाच आहे ना?"

"काटा माझाच. पण वाटेत पडलेला असेल कुठेतरी. कुणीही उचलेल."

"वाटेत पडला तेव्हा तू तक्रार केलीस?"

"काटा पडल्याची? साहेब, रोज पडतात."

"रोज पडतात आणि रोज तक्रार नाही." अस्वलाने मान हलवली. "हा हलगर्जीपणा आहे, बाई."

सायाळीने पाणवठ्याकडे तोंड केलं. "सगळे जे पाणी पितो त्या पाण्याची शपथ. मी खवलेदादांसमोर गेले नव्हते."

"तोंडी शपथ चालत नाही. पानावर आण. नोटरीचा शिक्का घेऊन."

"म्हणजे मी खवलेदादांसमोर गेले नव्हते, हे लिहून द्यायला मी खवलेदादांसमोर जायचं?"

"अर्थात."

"बरं, जाते."

"म्हणजे तू त्यांच्यासमोर जातेस, हे तुला कबूल आहे," अस्वल म्हणालं. "कोल्हेभाऊ, घ्या लिहून."

रान हसलं. सायाळ हसली नाही. तिची पिल्लं तिच्या पोटाखाली शिरली.

ती म्हणाली, "साहेब, मी अडाणी आहे. मला तुमचं बोलणं कळत नाही. पण खवलेदादा इथे बसलेत. त्यांनाच विचारा. शिक्का त्यांचा आहे. मी समोर होते की नव्हते, ते सांगतील. ते जे सांगतील ते मला मान्य."

अस्वलाने कोपऱ्याकडे पाहिलं.

"ऐनावर नोंद असेल," मोर म्हणाला. "ओरखडा."

कोल्हा उभा राहिला. "नोंदींचं असं आहे साहेब, ऐनाची साल वाळवीने खाल्ली. आणि ती वाळवी नोटरीसाहेबांनी खाल्ली. त्यामुळे सगळ्या नोंदी नोटरीसाहेबांच्या पोटात सुरक्षित आहेत."

"मग त्यांनीच सांगावं," अस्वल म्हणालं. "खवलेसाहेब, ही बाई तुमच्यासमोर होती का?"

खवल्या पुढे आला. कोल्हा त्याच्या कानाशी वाकला.

"साहेब, फक्त एक सांगतो. तुम्ही 'नव्हती' म्हणालात, तर हे एक पान खोटं ठरेल. मग विचारतील, मोर होता का? कावळे होते का? सगळी पानं खोटी. त्या बेडकाचं काय होईल? आणि तुमच्या शेपटीचं? महाराजांना शेपट्या आवडत नाहीत. दात आवडतात."

खवल्याने वर पाहिलं. मोर त्याच्याकडे बघत होता. कावळे बघत होते. बेडूक तर हात जोडून बघत होता.

आणि सायाळ बघत होती. तिच्या नजरेत भीती नव्हती. खवल्याला तेच सोसवेना. ती निर्धास्त होती. तो पान वाचून दाखवील आणि चुकीचा शब्द खोडून टाकील, असं ती बघत होती.

"दादा," ती म्हणाली. "सांगा ना."

खवल्याने तोंड उघडलं. तोंडात जीभ होती. लांबच लांब जीभ. तो म्हणाला, "मा..."

आणि त्याने अंगाचा गोळा केला.

मी म्हटलं होतं ना, पुढे लागेल.

खडकाखाली एक खवल्यांचा चेंडू पडला होता. अस्वलाने वाकून बघितलं. "याचा अर्थ काय घ्यायचा?"

"शून्य, साहेब," कोल्हा म्हणाला. "शून्य हरकत. पानाला नोटरीची काही हरकत नाही."

"बरोबर. हरकत असती तर लांब झाले असते." अस्वलाने हुकूम सांगितला. बीळ तरसशेठचं. सायाळीने सूर्य डोक्यावर यायच्या आत खाली करावं. कोल्ह्याने हुकूम पळसाच्या पानावर लिहून घेतला.

"हुकमावर नोटरीचा शिक्का लागेल," अस्वल म्हणालं.

कोल्ह्याने चेंडूवर गुंडाळलेली शेपटी दोन्ही पंजांनी उचलली. तिला तांबडी माती लावली. पान खाली सरकवलं आणि शेपटी सोडून दिली.

ठप्प.

एकदाच. भर दुपार व्हायच्या बेताला. मी ऐकलेला आवाज तो हाच.

रान पांगलं. मोर गेला, कावळे उडाले, बेडूक उड्या मारत गेला. तरसशेठ कोल्ह्याला घेऊन जागा बघायला निघाला. खडकाखाली कुणी उरलं नाही, असं खवल्याला वाटलं. तरी तो उलगडला नाही.

मग आवाज आला. खळखळ.

त्याने खवल्यांच्या फटीतून बघितलं. सायाळ खाली वाकली होती. जमिनीवर पडलेले आपले काटे उचलत होती. एक एक. उजेडात तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून नाक जमिनीला लावून शोधत होती. पिल्लंही शोधत होती. एकाला दगडाखालचा एक सापडला. त्याने तो आईकडे नेऊन दिला. तिने तो बाकीच्यांबरोबर दातांत धरला.

शोधत शोधत ती खवल्यापाशी आली. शेवटचा काटा त्याच्या अगदी पुढ्यात पडला होता.

खवल्या उलगडला. पूर्ण नाही. तोंड बाहेर येईल एवढाच.

"वहिनी," तो म्हणाला.

सायाळ त्याच्यासमोर उभी होती. अगदी समोर.

तिने तो काटा उचलला. त्याच्याकडे एकदा बघितलं. मग पिल्लांना पुढे घातलं आणि निघून गेली.

तात्पर्य

बाळांनो, अंगावर काटे असणाऱ्याने वाटेने जपून चालावं. गळलेला काटा ज्याचा, गुन्हा त्याचा. शेपटी निर्दोष असते, कारण ती नेहमी मागे असते आणि तिला डोळे नसतात. मोठेपणी तुमच्या हाती कुणी शिक्का दिला, तर आधी एक चांगलं भरलेलं वारूळ शोधा आणि तोंड आत घाला. समोर कोण आहे हे दिसेनासं झालं, की सगळेच समोर असतात.